इंदुरी पोहे-जीरावन घरी : दोन शेगड्या, एक तास, आठ माणसं

छप्पनच्या_मागे · 22 नोव्हेंबर, रात्री 10:52

मंडळी, फजितीपासूनच सुरुवात करते.

दिवाळीनंतर नणंदेकडची मंडळी पुण्याहून आली होती. रविवारी सकाळी सगळ्यांना 'इंदुरी नाश्ता' हवा होता. एरवी अशा वेळी आमच्याकडे एकच पाककृती असते : नवऱ्याच्या हातात डबा द्यायचा आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर पिटाळायचं. त्या दिवशी नेमकी गाडी लागली नव्हती. म्हटलं त्यात काय, जाडे पोहे आहेत, वरून भुरभुरायचा जीरावन मसाला आहे, सेव तर आमच्याकडे डबे भरभरून असते. कढईत फोडणी केली, आठवणीने बडीशेप घातली, पोहे परतले, दणदणीत वाफ काढली. वर सेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे, लिंबू. दिसायला अगदी गाडीवरचे.

भाच्याने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "मामी, मस्त झालेत. पण हे तर आमच्याकडच्यासारखेच आहेत."

बारा वर्षांचं पोर, पण खरं बोललं. ते पुणेरी कांदेपोहेच होते, नुसते इंदुरी कपडे घातलेले.

आता हीच मंडळी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात परत येताहेत. आठ माणसं. पोहे, साबुदाणा खिचडी, भुट्ट्याचा कीस, दहीवडे आणि जमलं तर तळलेला गराडू (थंडीतला कंद) असा बेत आहे. माझ्याकडे दोन शेगड्या आणि सकाळचा एक तास. बँकेची नोकरी, त्यामुळे आदल्या रात्री फार काही होणार नाही. सासूबाई म्हणतात नादाला लागू नकोस. तुम्ही सांगा.

---

बाहेरच_बरं · 22 नोव्हेंबर, रात्री 11:20

सासूबाईंशी सहमत. छप्पन दुकान या खाऊगल्लीच्या मागे राहता आणि घरी पोहे करता? याला म्हणतात काखेत कळसा आणि गावाला वळसा. छप्पनला 2019 मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) 'क्लीन स्ट्रीट फूड हब' म्हणून मान्यता दिली आहे, त्यामुळे पुणेकरांच्या पोटाची चिंता नको. सकाळी छप्पन, रात्री सराफ्यातला खाऊबाजार. संपला बेत.

---

छप्पनच्या_मागे · 22 नोव्हेंबर, रात्री 11:31

नेणार आहेच हो सराफ्यात. पण नणंदबाईंच्या सासऱ्यांना दोन तास उभं राहणं जमत नाही. त्यांनी इंदूर बघितलंय ते गाडीच्या काचेतून. त्यांच्यासाठी चाललंय हे सगळं.

---

रामबाग_जुना · 23 नोव्हेंबर, सकाळी 6:15

ताई, तुमचं गाडं अडलं ते कढईत. आपल्याकडचे पोहे परतत नाहीत, वाफवतात. उद्या कुठल्याही गाडीवर जरा वाकून बघा. वर पोह्यांचा डोंगर दिसतो, पण त्या परातीखाली उकळत्या पाण्याचं पातेलं असतं. पहिल्या गिऱ्हाइकापासून शेवटच्यापर्यंत पोहे त्या वाफेवरच बसलेले असतात. म्हणून सकाळी सातला खा नाहीतर साडेदहाला, मऊच लागतात.

कारण सोपं आहे. पोहा म्हणजे आधीच भिजवून, भाजून, चेपलेला भात. त्याला पुन्हा शिजवायचं नसतं, फक्त पाणी पाजून गरम ठेवायचं असतं. कढईच्या तळाला लागला की होतं नव्हतं ते पाणी उडतं. मग जरा गार झाला की दडदडीत.

मी घरी करतो ते असं. तीन वाट्या जाडे पोहे, म्हणजे पाच माणसांना पुरतात. चाळणीत घालून नळाखाली दोनदा धुवायचे, चोळायचं नाही. दहा मिनिटं निथळू द्यायचे. एक दाणा चिमटीत दाबून बघा : सहज मोडला पाहिजे, पण बोटाला लगदा लागता कामा नये. मग पोह्यांवरच मीठ, पाव चमचा हळद आणि चांगले दोन-तीन चमचे साखर भुरभुरायची. साखरेला हात आखडलात की पोहे परत पुण्याला गेले म्हणून समजा. फोडणी वेगळ्या कढल्यात : दोन-तीन चमचे तेल, मोहरी, भरपूर बडीशेप, थोडे अख्खे धने, हिरवी मिरची. कांदा फोडणीत अजिबात नाही. फोडणी पोह्यांवर ओतून हलकेच खालीवर करायचं आणि चाळण उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवायची. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर झाकणावरचं पाणी ठिपकून मधोमध चिखल होतो. सात-आठ मिनिटांत झाले. मग गॅस बारीक करून तसेच राहू द्या, तासभर काही होत नाही.

म्हणजे तुमची एक शेगडी पोह्यांनी अडवली असं दिसतं, पण हात मोकळे झाले.

---

कोथरूड_व्हाया_राजेंद्रनगर · 23 नोव्हेंबर, सकाळी 9:02

काकांच्या पद्धतीला माझे +1, पण एक जखम दाखवते. मी असेच पोहे वाफेवर ठेवून ऑफिसच्या कॉलवर बसले. कॉल लांबला, खालचं पाणी आटलं. धुराचा वास आला तेव्हा सहकारी म्हणाला, तुझ्याकडे काहीतरी जळतंय. पोहे वरून छान पिवळेधमक, चवीला मात्र चुलीतल्या राखेसारखे. पातेलं अजून गॅलरीत पडलंय, त्यात कोरफड लावली आहे.

तेव्हापासून पाण्यात एक छोटी स्टीलची वाटी सोडते. पाणी उकळत असेपर्यंत ती खडखडत राहते. आवाज थांबला की धावायचं.

जाता जाता, पुण्यात मला इंदुरी सेव मिळते, पण जीरावन मिळतं ते नुसतं चाट मसाल्यासारखं. कुणी घरी करतं का?

---

मसाल्याचा_डबा · 23 नोव्हेंबर, दुपारी 1:40

मी करते. चाट मसाला आणि जीरावन यांत आंबटपणा आणि काळं मीठ सारखं, पण जीरावनात गरम मसाल्याचं अंग जास्त. बडीशेप, लवंग, जायफळ, सुंठ यांचा वास आधी यायला हवा, आंबट नंतर.

घ्या : धने 4 चमचे, जिरे 4 चमचे, बडीशेप 2 चमचे, मिरी 1 चमचा, लवंगा 8-10, मसाला वेलची 2, बोटभर दालचिनी, तमालपत्र 3. हे सगळं कोरडंच, मंद आचेवर, तमालपत्र हाताने चुरेल इतपत भाजायचं. पूर्ण गार करायचं. मग पाव जायफळ किसून, सुंठपूड 1 चमचा, हिंग अर्धा चमचा, हळद 1 चमचा, लाल तिखट 2 चमचे, आमचूर 3 चमचे, काळं मीठ 2 चमचे, साधं मीठ 1 चमचा घालून मिक्सरमध्ये अगदी बारीक. मग मैद्याच्या चाळणीने चाळायचं. खरबरीत जीरावन पोह्यांवर बसत नाही, खाली घरंगळतं.

आमचूर तव्यावर टाकू नका. लगेच काळा पडतो आणि कडवट होतो. हे मी आईकडून ऐकूनही एकदा केलंच.

दुसरी चूक मीठ. एका वर्षी मी काळं मीठ अंदाजाने टाकलं आणि वर्षभर आमच्याकडे 'जीरावन घातलंय, मीठ घालू नका' अशी पाटी डब्यावर होती. जीरावन खारट असतंच, त्यामुळे ज्यावर टाकणार त्या पदार्थात मीठ कमी ठेवा. ताईंच्या पोह्यांत, खिचडीत, गराडूवर, सगळीकडे हेच पडणार आहे.

यंदाच्या रविवारी करून ठेवा. वीस मिनिटांचं काम आहे, दोन महिने वास टिकतो.

---

बडोदेकर_मावशी · 23 नोव्हेंबर, दुपारी 3:15

आमच्या बडोद्यात सेव-उसळीची सवय, तिथे तर्रीत सेव भिजली तरच मजा. इंदूरला दिरांकडे गेले तेव्हा पोह्यांवरची सेव मी सवयीने कालवून घेतली, तर जाऊबाई म्हणाल्या, "अगं, मोडू नकोस, वरूनच घास घे." एका सेवेची दोन शहरांत दोन शास्त्रं.

---

रामबाग_जुना · 23 नोव्हेंबर, दुपारी 4:05

जाऊबाई पक्क्या इंदुरी. मावशी, आपल्याकडे उसळ-पोहेही मिळतात, पुढच्या खेपेला ते मागवा. तिथे कालवायची पूर्ण मुभा आहे.

---

भुट्टेवाली_आजी · 24 नोव्हेंबर, सकाळी 11:30

मुली, किसाचं मी सांगते. तो तासात बसत नाही, हे आधी ऐकून घे.

कीस खरा श्रावण-भादव्याचा. देशी भुट्टा, दाणा कोवळा पण दुधाळ. डिसेंबरात तुला मिळेल ते स्वीट कॉर्न. ते किसलं की ताटात नुसतं पाणी सुटतं आणि कीस शिऱ्यासारखा गोड होतो. मग तू म्हणशील आजीने फसवलं.

तरी करायचाच असेल तर असं कर. आठ कणसं किसणीवर कीस. मिक्सर लावलास तर एकदाच झटका दे, फिरवत बसू नकोस, दाण्याचा लगदा झाला तर चिक्कट होतो. कढईत तीन चमचे तूप, मोहरी, जिरे, हिंग, बारीक चिरलेली मिरची. त्यात कीस घाल आणि आता ढवळत उभी राहा. आधी तो पिठल्यासारखा होतो, मग तळाला धरायला लागतो, आणि मग एका क्षणी कडेला तूप सुटतं आणि कीस मोकळा व्हायला बघतो. तोवर दूध घालायचं नाही. देशी भुट्टा असता तर दोन वाट्या दूध म्हटलं असतं, स्वीट कॉर्नला एकच, तेही थोडंथोडं. साखर अजिबात नको. मिरची दुप्पट. मीठ शेवटी. उतरवल्यावर लिंबू, खोबरं, कोथिंबीर. गॅसवर असताना लिंबू पिळलंस तर दूध फाटेल.

मला चाळीस मिनिटं लागतात, आणि मी काही हळू नाही. म्हणून आदल्या रात्री तूप सुटेपर्यंत करून ठेव, फ्रीजमध्ये टाक. सकाळी गरम करताना दूध घाल, दहा मिनिटांत होतो. कुणाला कळणार नाही. आमच्याकडे गणपतीत पन्नास पानं असायची तेव्हा असंच करायचो.

---

छप्पनच्या_मागे · 24 नोव्हेंबर, रात्री 9:48

आजी, नमस्कार. चाळीस मिनिटं वाचून तोंडचं पाणीच पळालं होतं, शेवटच्या परिच्छेदाने परत आणलं. धाग्याची वाचनखूण साठवली आहे.

---

गल्ली_नंबर_दोन · 25 नोव्हेंबर, रात्री 12:17

मी सराफ्यातून आत्ताच आलो, म्हणून ताजं सांगतो. आज खायचं सोडून हातांकडे बघत बसलो. भिया (इंदुरी 'भाऊ'), तिथे झटपट कुणीच काही करत नाही, झटपट नुसतं वाढतात.

साबुदाणा खिचडीवाल्याचंच बघा. साबुदाणा पांढराफटक, वाफेवर ठेवलेला. त्यात तेल नाही, फोडणी नाही. तुम्ही मागितलीत की तो एका भांड्यात दोन मुठी साबुदाणा टाकतो, वर दाणे, मिरची, मसाला, फराळी चिवडा, कोथिंबीर, लिंबू, चमच्याने चार वेळा खालीवर आणि कागदावर. मोजलं, अर्धा मिनिटसुद्धा लागलं नाही. गराडूवाल्याचे तुकडे आधीच एकदा तळून ढीग करून ठेवलेले, गिऱ्हाईक आलं की दुसऱ्यांदा तेलात. आणि जोशींच्या दुकानातला दहीवडा तर सगळ्यांना माहीतच आहे, दोना (द्रोण) हवेत उडतो, परत हातात येतो, दही सांडत नाही, एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले वेगवेगळे पडतात. पण वडा तेव्हा थोडाच तळतात? तो केव्हाच भिजून फुगून तयार असतो.

दहीवड्याचा दोना घरी उडवू नका. मी उडवला आहे. पंखा चालू होता.

तर ताई, तासाभरात पाच पदार्थ 'करायला' जाऊ नका. सकाळी फक्त गरम करायचं आणि कालवायचं, एवढंच उरेल असं बघा. वडे आदल्या रात्री तळून ठेवा, सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्यात टाका, अर्ध्या तासाने तळव्यांत हलके दाबून दह्यात.

---

उपासाची_काळजी · 25 नोव्हेंबर, सकाळी 7:55

खिचडीबद्दल थोडं अजून. साबुदाणा धुऊन, वर जेमतेम बोटाच्या पेरभर पाणी ठेवून रात्रीच भिजवा. सकाळी जादा पाणी राहिलं असेल तर निथळून टाका. कढईतल्या खिचडीपेक्षा इथे तो जास्त कोरडा हवा, कारण वाफेचं पाणी पुन्हा मिळणारच आहे. आठ-दहा मिनिटांत दाणा काचेसारखा पारदर्शक होतो. पोह्यांच्याच पातेल्यावर, पोहे उतरवून, दुसरी चाळण ठेवली तरी चालते. कुणाचा उपास असेल तर मात्र जीरावन नको, त्यात हळद-हिंग असतं. सैंधव, मिरपूड आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड वेगळी काढून ठेवा.

---

पहिल्यांदाच_गराडू · 26 नोव्हेंबर, रात्री 8:30

गराडूबद्दल कुणी इशारा दिला नाही म्हणून लिहितो. मी मूळ नाशिकचा, नोकरीने इंदूरला आलो. पहिल्या थंडीत हौसेने एक किलो गराडू आणला. बटाट्यासारखा दिसला, बटाट्यासारखा सोलला. दहा मिनिटांत मनगटापर्यंत अशी खाज सुटली की हात तांदळाच्या डब्यात खुपसून बसलो होतो. बायको आली, तिने विचारलं हे काय, मी म्हटलं स्वयंपाक.

शेजारच्या काकूंनी नंतर शिकवलं : हातांना तेल लावायचं, साल जाड काढायची, तुकडे करून लगेच मिठाच्या पाण्यात. कुकरला एकच शिट्टी, तीही पाण्यात न बुडवता, वाफेवर. दोन झाल्या की तळताना फुटतो. निथळून, कापडावर कोरडा करून आधी मध्यम आचेवर तळायचा, काढायचा, गार होऊ द्यायचा, आणि वाढताना कडक तेलात पुन्हा. बाहेरून खटखट वाजला पाहिजे, आत पिठूळ. वर जीरावन आणि लिंबू, तेलातून काढल्या काढल्या, नाहीतर मसाला चिकटत नाही.

महाराष्ट्रातल्यांसाठी : कोनफळाचा पांढरा भावबंद समजा. थंडी संपली की बाजारातून गायब.

---

गोड_खाऊ · 27 नोव्हेंबर, सायंकाळी 6:10

पोह्यांबरोबर जलेबी कुणी काढलीच नाही? मैदा, दही, इनो घालून झटपट होते की.

---

मसाल्याचा_डबा · 27 नोव्हेंबर, सायंकाळी 6:44

होते. दिसतेही. पण रात्रभर आंबवलेल्या मैद्याचा जो आंबूस वास असतो तो इनोला येत नाही, आणि आठ जणांसाठी एक एक घाणा काढायचा तर ताईंची दुसरी शेगडी संपलीच. जलेबी विकत आणावी, त्यात कमीपणा नाही.

---

ग्वाल्हेरचा_बाण · 27 नोव्हेंबर, रात्री 9:00

अवांतर : आमच्याकडे सकाळी बेडई आणि जलेबी. पोहे आजाऱ्याला. (पळतो.)

---

छप्पनच्या_मागे · 31 डिसेंबर, दुपारी 4:20

वृत्तांत द्यायचा राहिला होता.

जीरावन दोन आठवडे आधीच केलं. आमचूर जाळला नाही. आदल्या रात्री नऊ ते अकरा : वडे तळले, साबुदाणा भिजवला, कीस तूप सुटेपर्यंत केला (आजी, हात अजून दुखतोय), गराडू नवऱ्याने सोलला, तेल लावून. सकाळी साडेसातला सुरुवात. एका शेगडीवर वाफेचं पातेलं, आत खडखडणारी वाटी. दुसरीवर आधी किसाला दूध, मग गराडूचं तेल. नऊला पाच कमी असताना वाढायला घेतलं, म्हणजे तासाचा सव्वा-दीड तास झाला.

काय बिघडलं तेही सांगते. कीस आजींनी सांगूनही गोडच झाला, मिरची अजून हवी होती. दहीवड्यांतले चार दाबताना फुटले, ते मी स्वयंपाकघरातच खाल्ले. जलेबी आणायला गेलेला नवरा रांगेत अडकला आणि पोहे संपल्यावर उगवला.

नणंदेच्या सासऱ्यांना खुर्चीवर बसवून भाच्याने सराफा मांडला : ओट्यावर जीरावन, सेव, कांदा, डाळिंब, लिंबू, दाणे, चिवडा अशा वाट्या, आणि स्वतः मागे उभा. आजोबांनी ऑर्डर द्यायची, त्याने कालवायचं. आजोबांनी तीन वेळा खिचडी मागवली आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "भिया, जरा तिखट." त्यांना 'भिया' कुणी शिकवलं माहीत नाही.

पोह्यांबद्दल भाचा काही बोलला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "मामी, कागदावर द्यायचे ना, ताटलीत काय दिलेस."

जीरावन मात्र बरणीभर उरलंय. सध्या बँकेत डब्याबरोबर रोज पेरूवर टाकून खातेय.

---

रामबाग_जुना · 31 डिसेंबर, दुपारी 4:41

जामवर म्हणा हो, जामवर. पेरू पुण्यात.